किती शून्यं गळाली?

रात्री पावणेअकराच्या सुमारास फोन वाजला की मी ओळखते, धाकट्या दिरांचा रिपोर्ट आला. पद्धत ठरलेली. आधी लॅबच्या कागदाचा तिरका, निम्मा सावलीत गेलेला फोटो, आणि खाली एक ओळ. त्या रात्रीची ओळ होती, "वहिनी, २१०० आलंय. अजून २१०० आहेतच?"

जणू चाळीत २१०० पोटभाडेकरू घुसलेत आणि निघायचं नाव घेत नाहीत.

मी परळच्या बाजूला एका लॅबमध्ये पीसीआर विभागात काम करते. हिपॅटायटिस बी आणि सी या यकृताच्या विषाणूंचे व्हायरल लोड काढणं, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजणं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे नात्यात कुणाचाही रिपोर्ट आला की तो आधी माझ्या फोनवर येतो, मग डॉक्टरांकडे जातो. मी डॉक्टर नाही, औषधाचं मी काही सांगणार नाही, हे मी दरवेळी बजावते आणि दरवेळी ते वाचलं जात नाही. पण कागदावरचा आकडा कसा वाचायचा एवढं मात्र मी सांगू शकते.

दिरांना बी आहे हे कळलं गणेशोत्सव मंडळाच्या रक्तदान शिबिरामुळे. रक्त दिलं, चहा-बिस्किट खाऊन घरी आले, आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन: जरा येऊन भेटा. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, भूक झकास. पहिला व्हायरल लोड आला ४ कोटी ८० लाख. पुढच्या तपासण्या झाल्या, गोळी सुरू झाली. तीन महिन्यांनी आकडा ५२ हजार. सहा महिन्यांनी हा २१००. भाऊजी बँकेत आहेत. पावणेपाच कोटींच्या थकबाकीदाराने सहा महिन्यांत एवढी फेड केली असती तर त्यांनी शाखेत पेढे वाटले असते. स्वतःच्या रक्तातल्या फेडीवर मात्र त्यांची झोप उडाली होती.

याचं कारण, आकडा आपण रुपयांसारखा वाचतो. किती गेले, किती उरले, अशी वजाबाकी. विषाणूचा हिशेब वजाबाकीत बसत नाही, कारण तो वाढतो गुणाकाराने आणि घटतो भागाकाराने. म्हणून रिपोर्टवर मुख्य आकड्याशेजारी आणखी एक छोटा आकडा छापलेला असतो, त्याला लॉग म्हणतात. शाळेतल्या लॉगच्या तक्त्यांचा धसका घेतलेले लोक तिथून नजर काढून घेतात. खरं तर त्यात एवढंच आहे: एकावर किती शून्यं. १०० म्हणजे लॉग २, एक लाख म्हणजे ५, एक कोटी म्हणजे ७. मधल्या आकड्यांना अपूर्णांक. भाऊजींचे ४ कोटी ८० लाख म्हणजे ७.६८, ५२ हजार म्हणजे ४.७२, आणि २१०० म्हणजे ३.३२. एक लॉग उतरला म्हणजे एक शून्य गळालं, विषाणू दहावा हिस्सा उरला. दोन लॉग म्हणजे शंभरावा. भाऊजींची पहिल्या तीन महिन्यांत जवळपास तीन शून्यं गळाली होती, म्हणजे हजारांतला एक उरला होता. पुढच्या तीन महिन्यांत आणखी दीडेक.

आता दुसऱ्या बाजूने बघा. कुणाचा आकडा १० लाखांवरून ५ लाखांवर आला तर घरात आनंद होतो, पाच लाख विषाणू मेले म्हणून. लॉगमध्ये तो फरक ०.३ आहे, आणि आमच्या लॅबच्या दृष्टीने तो फरकच नाही.

का नाही, ते यंत्राजवळ उभं राहिलं की कळतं. रक्तातला पेशींचा भाग काढून प्लाझ्मा वेगळा करायचा, त्यातून विषाणूचं जनुकीय द्रव्य काढायचं आणि त्याच्या प्रती काढत जायच्या. बीचं द्रव्य डीएनए, सीचं आरएनए. आरएनएचा आधी डीएनए करून घ्यावा लागतो. प्रत्येक फेरीत प्रती साधारण दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. प्रती पुरेशा झाल्या की नळीतला रंग चमकायला लागतो आणि पडद्यावर एक रेघ सपाटीवरून वर उचलते. मूळ रक्तात विषाणू भरपूर असेल तर ही रेघ पंधराव्या-अठराव्या फेरीलाच उठते. मोजकाच असेल तर पस्तिसाव्या फेरीपर्यंत वाट बघावी लागते. कितव्या फेरीला रेघ उठली यावरून मूळ साठा किती होता ते काढायचं. आता यात एका फेरीची गफलत म्हणजे थेट दुपटीची गफलत, आणि दुप्पट म्हणजेच ०.३ लॉग. त्याच नळीतलं रक्त सकाळी आणि संध्याकाळी लावलं तरी एवढा फरक पडू शकतो. म्हणून साधारण अर्ध्या लॉगच्या आतला, म्हणजे तिपटीच्या आतला चढउतार मनावर घ्यायचा नसतो. १२०० चे २४०० झाले म्हणून रडणारे लोक मी पाहिलेत. रडण्यासारखं त्यात काही नसतं. १००० चे १०० झाले तर मात्र ती बातमी आहे, जरी गेलेले फक्त ९०० असले तरी.

याच कारणाने, होता होईल तो एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने तपासणी करावी. आणि आकड्यापुढचं एकक वाचावं. मध्यंतरी एक आजी जुनी फाइल घेऊन आल्या होत्या. कित्येक वर्षांपूर्वीच्या कागदावर ६० हजार, आताच्या कागदावर ११ हजार. औषध कुठलंच चालू नव्हतं. नातू म्हणाला, आजी आपोआप बरी होतेय. जुना आकडा 'कॉपीज प्रति मिली' असा होता, नवा 'आययू प्रति मिली', म्हणजे इंटरनॅशनल युनिटमध्ये. हिपॅटायटिस बीमध्ये एक आययू म्हणजे साधारण पाच-सहा कॉपीज. भागाकार करून बघितला तर दोन्ही आकडे सारखेच निघाले. आजी होत्या तिथेच होत्या.

आणखी एक जागा जिथे हमखास घोळ होतो: '<२०' आणि 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. यंत्राला मोजता येण्याची एक खालची हद्द असते, कुठे १०, कुठे २० आययू. '<२०, डिटेक्टेड' म्हणजे स्वयंपाकघरात रात्री खुडबुड ऐकू आली, उंदीर आहे एवढं नक्की, पण किती ते सांगता येत नाही. 'नॉट डिटेक्टेड' म्हणजे खुडबुडही नाही. खुडबुड नाही म्हणजे घरात उंदीरच नाही का, हा प्रश्न बी आणि सी या दोघांत अगदी वेगवेगळ्या तऱ्हेने सुटतो. त्याकडे येते, पण आधी टाकी.

मुंबईत इमारतीच्या गच्चीवरची टाकी हा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सकाळी सगळ्या घरांत नळ चालू आहेत आणि तरीही टाकीतली पातळी हललेली नाही, तर त्याचा अर्थ काय? पाणी वापरलं जात नाही असा नव्हे. खालचा पंप तितक्याच जोराने भरतोय असा. आता पंप बंद करा आणि घड्याळ लावून पातळी बघा. ती ज्या वेगाने उतरेल त्यावरून कळेल की इमारत पाणी किती खेचते आणि पंप खरंच पूर्ण बंद झालाय की थोडा चालू आहे. १९९८ साली शास्त्रज्ञांनी हिपॅटायटिस सीच्या रुग्णांवर हेच केलं. इंटरफेरॉन हे तेव्हाचं औषध सुरू करून अगदी थोड्या-थोड्या वेळाने रक्त तपासलं. तोवर महिनोन्‌महिने एकाच पातळीवर दिसणारा व्हायरल लोड म्हणजे सुस्त, झोपलेला आजार असं वाटायचं. निघालं भलतंच. रक्तातला निम्मा विषाणू दर तीनेक तासांनी साफ होत होता आणि शरीरात रोज साधारण एक लाख कोटी नवे विषाणू तयार होत होते. पातळी स्थिर होती ती पंप आणि नळ बरोबरीचे होते म्हणून.

त्या आलेखात दोन उतार दिसले. पहिला एक-दोन दिवसांचा, कड्यासारखा. तो सांगतो औषधाने पंप किती दाबला. दुसरा आठवड्यांचा, घाटातल्या रस्त्यासारखा. आधीच लागण झालेल्या यकृताच्या पेशी हळूहळू संपतात, साफ होतात, त्याचा तो उतार. माणसामाणसांत फरक पडतो तो बराचसा या दुसऱ्या उतारात. कुणाचा भराभर उतरतो, कुणाचा जवळजवळ आडवाच राहतो. आणि तो आडवा असेल तर उपचार संपेपर्यंत तळ गाठला जाणार नाही, हे महिनोन्‌महिने आधी सांगता येतं. उपचारांचं भाकीत व्हायरल लोडवरून करायची सगळी विद्या या उतारातून निघाली.

त्या काळी या भाकिताला फार किंमत होती, कारण उपचारच भयंकर होते. आठवड्याला एक पेगइंटरफेरॉनचं इंजेक्शन, रोज रिबाविरिनच्या गोळ्या. इंजेक्शनच्या रात्री हुडहुडी आणि ताप, केस गळणं, हिमोग्लोबिन उतरणं, मन इतकं खचणं की घरच्यांनी लक्ष ठेवावं. सीच्या जीनोटाइप १ ला (जीनोटाइप म्हणजे विषाणूची पोटजात) ४८ आठवडे, आणि एवढं करून साधारण निम्म्यांनाच गुण. आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या जीनोटाइप ३ ला बहुधा २४ आठवडे, आणि यश बऱ्यापैकी जास्त. खर्च लाखांत. मग एखाद्याला हे सोसून उपयोग होणारच नसेल, तर ते शक्य तितक्या लवकर कळायला हवं. त्यासाठी दोन मुक्काम ठरले होते, चौथा आठवडा आणि बारावा. चौथ्या आठवड्याला रक्तात विषाणू सापडलाच नाही तर शकुन उत्तम. आणि बाराव्या आठवड्याला निदान दोन शून्यं गळालेली हवीत. नाही गळाली तर पुढे रेटून बरे होणारे शंभरात जेमतेम दोन-तीन. तिथे उपचार थांबवायचे.

मी तेव्हा नवी होते. बारा आठवड्यांचं सँपल आलं की आम्ही आपापसांत 'दहावीचा पेपर' म्हणायचो. एक बाई नवऱ्याचा रिपोर्ट न्यायला स्वतः यायच्या. नवरा टॅक्सी चालवायचा, तेव्हा अंथरुणावर होता. पहिला आकडा १८ लाख होता. बाराव्या आठवड्याचा आला ६० हजार. त्यांनी खिडकीपाशीच पाकीट फोडलं, कागदावर बोट ठेवून आकडा वाचला आणि माझ्याकडे बघून हसल्या. "साडेसतरा लाख गेले हो ताई." मी मान हलवली. निकाल सांगायची मुभा मला नव्हती, आणि असती तरी सांगायचा धीर झाला असता की नाही कोण जाणे. १८ लाखांतली दोन शून्यं काढली तर उरतात १८ हजार. ६० हजार म्हणजे दीडच लॉग. ज्या कागदावर त्या हसत होत्या तो उपचार थांबवण्याचा कागद होता.

या नियमाची एक खोड होती. नापासांची यादी तो अचूक लावायचा, पासांची नाही. दोन शून्यं गळालेल्यांपैकीही कित्येकांचा विषाणू उपचार संपल्यावर परत यायचा. म्हणजे भाकीत होतं ते मुख्यतः अपयशाचं.

मग डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या सीवरच्या गोळीला मान्यता मिळाली. तिथे एका गोळीची किंमत १००० डॉलर, बारा आठवड्यांचे ८४,००० डॉलर. २०१४ साली मूळ कंपनीने काही भारतीय कंपन्यांना परवाने दिले आणि २०१५ पासून आपल्याकडे तीच गोळी त्या किमतीच्या अगदी किरकोळ हिश्श्यात मिळू लागली. सोबत डॅक्लाटासविर, पुढे वेलपाटासविर. बहुतेकांना बारा आठवडे रोज गोळ्या, ना इंजेक्शन ना हुडहुडी, आणि शंभरातले पंचाण्णवच्या आसपास बरे. ही औषधं शरीराच्या प्रतिकारशक्तीला हाकारत बसत नाहीत, विषाणूची प्रती काढायची यंत्रणाच धरतात. पंप जवळजवळ पूर्ण बंद.

गंमत अशी की औषध इतकं चांगलं निघाल्यावर उताराची भाषा मुकी झाली. चौथ्या आठवड्याला बहुतेकांचा आकडा तळाला गेलेला असतो. ज्याचा थोडा रेंगाळतो तोही शेवटी बराच होतो. अख्खा वर्ग ९५ टक्क्यांच्या वर असेल तर चाचणी परीक्षेवरून कोण नापास होईल ते कसं ओळखणार? उपचाराच्या शेवटच्या दिवशी रक्तात किंचित आरएनए सापडला आणि पुढे काहीही न करता तो गेला, असंही काही रुग्णांत दिसलंय. त्यामुळे आता मधल्या तपासण्यांवर भर राहिला नाही. एक तपासणी सुरुवातीला, आणि एक उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी. त्या दुसऱ्या तपासणीत विषाणू नसेल तर तो आजार बरा झाला म्हणायचं. नंतर उलटण्याचं प्रमाण नगण्य. आमच्या फ्रीजमधला 'दहावीच्या पेपरां'चा कप्पा रिकामा झाला. हातचं काम गेल्याचा इतका आनंद मला दुसऱ्या कशाचा झाला नाही.

सीमध्ये आता भाकीत करायचं तर ते इतर गोष्टींवरून: यकृत आधीच सिरोसिसपर्यंत, म्हणजे व्रण पडून कडक होण्यापर्यंत पोचलंय का, पूर्वीचा उपचार फसलाय का. त्यावरून कुठली गोळी, रिबाविरिन जोडायचं का, बारा आठवडे की चोवीस, हे ठरतं. आणि एक गोष्ट अगदी मुंबईची. इथे निम्मं शहर सकाळी उठल्याबरोबर पित्ताची गोळी घेतं, पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल. वेलपाटासविरला शोषलं जायला पोटात आम्ल लागतं. पित्ताची गोळी ते कमी करते आणि औषध निम्मंशिम्मं वाया जातं. ही गोळी लोक 'औषध' धरतच नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी "आणखी काय घेता?" विचारलं की "काही नाही" म्हणतात. ती सांगा. टीबीची औषधं चालू असतील तर तीही सांगा. त्यातलं रिफाम्पिसिन सीच्या या गोळ्या जवळजवळ निकामी करतं. आणि सीचा उपचार सुरू करण्याआधी बीची तपासणी झालीय ना ते बघा, कारण सी हटल्यावर दबून बसलेला बी उसळी मारू शकतो.

बरे झालेल्यांसाठी एक सूचना: तो बारा आठवड्यांनंतरचा रिपोर्ट लॅमिनेट करून ठेवा म्हटलं तरी चालेल. सीची अँटिबॉडी तपासणी बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं, बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह येते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी, आखाती नोकरीच्या मेडिकलमध्ये तीच तपासणी होणार आणि तुम्हाला बाजूला बसवणार. तेव्हा आरएनए नाही हे दाखवणारा कागद लागतो. अँटिबॉडी म्हणजे चोर येऊन गेल्याचा पोलिसांतला जुना अर्ज. चोर घरात आहे की नाही ते व्हायरल लोड सांगतो. हा अर्ज पुढच्या चोरीपासून वाचवत नाही, सी पुन्हा होऊ शकतो.

आता बी, आणि परत भाऊजी.

बीच्या बाबतीत टाकीची उपमा पुरत नाही. इथे झेरॉक्सचं दुकान डोळ्यांपुढे आणा. बीचा विषाणू यकृताच्या पेशीच्या केंद्रकात शिरून आपली एक मूळ प्रत तिथे ठेवतो, गोल वळवलेल्या डीएनएच्या रूपात. तिच्यावरून हव्या तितक्या प्रती निघतात. टेनोफोविर आणि एन्टेकॅविर या आजच्या गोळ्या झेरॉक्स मशीन बंद पाडतात. प्रती निघेनाशा झाल्या की रक्तातला आकडा कोटीवरून खाली येत येत दिसेनासा होतो. पण मूळ प्रत आतल्या कपाटात तशीच असते. या गोळ्यांचे हात त्या कपाटापर्यंत पोचत नाहीत. म्हणून सीमध्ये उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी 'नॉट डिटेक्टेड' म्हणजे घर रिकामं, आणि बीमध्ये 'नॉट डिटेक्टेड' म्हणजे मशीन बंद. मशीनचा खटका सोडला की प्रती पुन्हा सुरू.

हे मी भाऊजींना अर्ध्या तासात समजावलं होतं. त्यांना पटलंही होतं. दीड वर्षाने रिपोर्ट आला 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', सगळ्यांना आइस्क्रीम झालं. मग आला गणपती. चाकरमानी गावाला निघाले, गोळ्यांची बाटली दादरच्या घरी कपाटावर राहिली. बारा दिवस गावी गोळी नाही, आणि काहीच झालं नाही. भजन झालं, उकडीचे मोदक झाले, तब्येत ठणठणीत. परत आल्यावर त्यांनी मनाशी हिशेब केला, की रिपोर्ट तर निगेटिव्हच आहे, थोडे दिवस शरीराला विश्रांती देऊ. नवरात्र उलटलं. पुढच्या तपासणीत आकडा ३८ हजार, आणि एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा, जो चाळिशीच्या आत होता, तो १४० च्या पुढे.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळ्यांचा. बरोबरच आहे. पूर्वी लॅमिव्हुडिन नावाची गोळी वापरत, तिला विषाणू पटकन सरावायचा. पाच वर्षांत साधारण ७० टक्के रुग्णांत ती निष्प्रभ व्हायची. त्या काळात सहा महिन्यांनी किती विषाणू उरलाय यावरून पुढे औषध चालेल की फसेल याचा अंदाज बांधत. आजच्या गोळ्यांना, आधी दुसरं औषध घेतलेलं नसेल तर, विषाणू क्वचितच सरावतो. त्यामुळे सर्वांत खालच्या आकड्यापेक्षा एक शून्य जास्त चढलं, की विषाणू बदलला असं मानण्याआधी बाटलीतल्या गोळ्या मोजायच्या. त्यात एन्टेकॅविरचं आणखी एक पथ्य: ती रिकाम्या पोटी लागते, जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या खाण्याआधी दोन तास. सकाळच्या पोह्यांबरोबर घेतली तर कमी शोषली जाते.

गोळी अचानक सोडण्यातला धोका आकड्यातून पुरता कळत नाही, म्हणून हे वेगळं लिहिते. विषाणू स्वतः यकृताची पेशी फारशी मारत नाही. मारते ती आपलीच प्रतिकारशक्ती, विषाणू दिसला म्हणून लागण झालेल्या पेशींवर तुटून पडते तेव्हा. वर्षभर विषाणू दिसत नव्हता, तो एकदम लाखांनी प्रकटला तर हा हल्ला जोरदार होऊ शकतो. यकृत आधीच कमकुवत असेल तर जिवावर बेततं. भाऊजींचं यकृत चांगलं होतं, थोडक्यात निभावलं. गोळी कधी थांबवायची हे विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन (अँटिजेन), म्हणजे एचबीएसएजी, रक्तातून गेलं की ठरवतात, आणि ते वर्षाला शंभरातल्या एखाद्याचंच जातं. बहुतेकांना वर्षानुवर्षं, अनेकदा जन्मभर. रक्तदाबाची गोळी आपण तशी घेतोच.

बीमध्ये आकडा उपचाराआधीही बोलतो. तैवानमध्ये साडेतीन हजारांहून जास्त लोकांना वर्षानुवर्षं तपासून २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला: सुरुवातीला रक्तात बीचा डीएनए जितका जास्त, तितका पुढे यकृताच्या कर्करोगाचा धोका जास्त. त्यातून २००० आययूची रेघ आली. आकडा तिच्यावर आणि एसजीपीटी वाढलेला, तर उपचार सुचवतात; फायब्रोस्कॅनमध्ये यकृत कडक झालेलं दिसलं तर आकड्याची वाट बघत नाहीत. गरोदर बाईच्या बाबतीत रेघ २ लाखांची. त्याच्या वर असेल तर बाळाकडे विषाणू जाऊ नये म्हणून टेनोफोविर, आणि बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस, आकडा कितीही असला तरी.

सीमध्ये मात्र आकडा मोठा म्हणून यकृत जास्त बिघडलंय असं नसतं. २० हजारवाल्याला सिरोसिस आणि ५० लाखवाल्याचं यकृत मऊ, असे दोन रिपोर्ट मी एकाच दिवशी पाहिलेत.

आपल्याकडे कावीळ म्हटलं की डोळे आणि लघवी पिवळी होणं एवढंच डोळ्यांपुढे येतं, आणि मग माळ घालून ती उतरवणारा आठवतो. पाण्यातून होणारी ए किंवा ई कावीळ बहुतेकदा काही आठवड्यांत आपसूक जाते, श्रेय माळेला मिळतं. 'पांढरी कावीळ' म्हणतात ती बी, तिच्यात बहुधा पिवळं काही दिसतच नाही. अमिताभ बच्चन यांनी जाहीरपणे सांगितलंय की १९८२ मध्ये शूटिंगमधल्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून त्यांना बी आला, आणि कळलं कित्येक वर्षांनी, यकृताचा ७५ टक्के भाग निकामी झाल्यावर. इतकी वर्षं तो माणूस कॅमेऱ्यासमोर धावत, नाचत होता.

२८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं निवडक सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. केसपेपर काढा, रांगेची तयारी ठेवा, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. खासगीत व्हायरल लोडचे काही हजार जातात. ते मोजणार असाल तर निदान रक्त द्यायला उपाशी जाऊ नका, या तपासणीला उपास लागत नाही.

घरात इतरांची तपासणी झाली. जाऊबाई निगेटिव्ह निघाल्या, त्यांचे लसीचे तिन्ही डोस झाले: पहिला, मग महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. मुलांचे लहानपणीच झाले होते. भाऊजींनी गोळी पुन्हा सुरू केली. आता एक जादा बाटली गावच्या बॅगेत कायमची असते, दाढीच्या सामानाशेजारी.

गेल्या आठवड्यात रात्री पावणेअकराला फोन वाजला. कागद तिरका, निम्मा सावलीत. "वहिनी, <२० आलंय. म्हणजे अजून १९ आहेत?"

मी चष्मा लावला आणि उंदराची खुडबुड पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला घेतली.